ठाण्याहून सायकल: गाड्यांचा जाच नसलेली वाट?

कोलशेतकर: पन्नाशी उलटली, गुडघे अजून शाबूत. घोडबंदर रोडला ट्रेलर कोपराला चाटून गेला, तेव्हापासून कानाला खडा. पाणी, जुने दगड, गावातली सावली असं कुठे मिळेल?

पानवेल: भाईंदरहून रो-रो, म्हणजे वाहनांसकट नेणारी फेरीबोट धरा, 2024 पासून चालू आहे. उतरलात की वसईचा किल्ला, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला. पुढे आतल्या गल्ल्यांनी गिरीज, निर्मळ. केळीच्या वाड्यांत मधेच शेवाळलेलं बावखल दिसतं, म्हणजे शिंपणासाठी खणलेलं तळं. काठावर टेकून डबा खा. रविवारी मात्र नको, रिसॉर्टची गर्दी असते.

कोलशेतकर: अहो, भाईंदरपर्यंत पुन्हा घोडबंदरच ना!

पानवेल: सायकल टेम्पोत टाका. मी तेच करतो, लाज कसली?