‘सॅन फ्रान्सिस्को ओरॅकल’मध्ये राजकारण होतं का?

वाचनवेडी:
सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिप्पींच्या मोहल्ल्यातून, हेट-अ‍ॅशबरीतून, निघालेल्या ‘ओरॅकल’ या वृत्तपत्राची काही पानं पाहिली आणि डोळे दिपले. सप्टेंबर १९६६ ते फेब्रुवारी १९६८, अंक फक्त १२. कविता, योग, तंत्र, एलएसडीसारखी नशा, सगळं आहे. पण व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना यात राजकारण कुठे आहे? जाणकारांनी सांगावं.

ऑफसेटवाला:
माझी उमेदीची वर्षं ऑफसेट मशीनवर गेली, म्हणून आधी रंगांचं सांगतो. एरवी मशीनच्या डक्टमध्ये, म्हणजे शाईच्या पन्हळीत, एका वेळी एकच रंग असतो. या लोकांनी डक्टमध्ये अडसर घालून कप्पे केले आणि शेजारीशेजारी वेगवेगळ्या शाया ओतल्या. रोलर फिरले की कडेला शाया एकमेकींत शिरतात. निळा जांभळा होत होत गुलाबीत उतरतो, तेही एकाच फेरीत. मिश्रण सरकत राहतं, त्यामुळे पहिली प्रत आणि हजारावी प्रत सारखी निघत नाही. इतर छापखान्यांत असा कागद रद्दीत गेला असता. यांनी तो मुद्दाम तसा छापला. मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला यातली हिंमत लगेच कळते.

आता राजकारण. जवळच्याच बर्कले या विद्यापीठाच्या गावातल्या युद्धविरोधी कार्यकर्त्यांना हेटचे हिप्पी पळपुटे वाटत आणि हिप्पींना कार्यकर्ते नुसते संतापलेले. ‘ओरॅकल’चे संपादक अ‍ॅलन कोहेन आणि चित्रकार मायकेल बोवेन यांनी दोघांना एका मैदानात आणायचा घाट घातला. १४ जानेवारी १९६७ ला गोल्डन गेट पार्कमध्ये ‘ह्यूमन बी-इन’ नावाचा मेळावा झाला, वीस हजारांवर माणसं आली. त्याच मंचावर कवी अ‍ॅलन गिन्सबर्गने मंत्र म्हटले आणि बर्कलेचा कार्यकर्ता जेरी रूबिनही बोलला. वृत्तपत्राने स्वतः असा मेळावा उभा करणं, हे मला कुठल्याही अग्रलेखापेक्षा मोठं राजकारण वाटतं.

वाचनवेडी:
मग दोघांचं जमलं का?

ऑफसेटवाला:
पुरतं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. सातवा अंक काढा. झेनवर लिहिणाऱ्या अ‍ॅलन वॉट्सच्या सॉसालिटोतल्या (सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या) बोटीवर वॉट्स, गिन्सबर्ग, एलएसडीचा प्रचारक टिमथी लिअरी आणि कवी गॅरी स्नायडर बसले होते. समाजातून बाहेर पडायचं की त्यातच राहून लढायचं, यावर चौघांची चांगली जुंपली. बर्कलेवाल्यांची हरकत गिन्सबर्ग लावून धरतो, लिअरी राजकारणाला हातही लावायला तयार नाही, आणि स्नायडर सारखा विचारतो की बाहेर पडल्यावर जगायचं कसं. संपादकांनी हे भांडण जसंच्या तसं छापलं. मला त्या अंकाचा मान वाटतो तो यासाठी.

निळी_शाई:
खपाचीही भर घालते. ऐन भरात सव्वा लाखाच्या आसपास प्रती छापल्या जात. रस्त्यावरची पोरंपोरी त्या विकून पोटापुरते पैसे कमवत. पण १९६७ च्या उन्हाळ्यात हेटमध्ये देशभरातून तरुणांचा लोंढा आला, मागोमाग हेरॉइन आणि मारामाऱ्या आल्या, जुने लोक गावाकडच्या वसाहतींत निघून गेले. मोहल्लाच विखुरला, मग अंक कुणाच्या जोरावर निघणार?

ऑफसेटवाला:
अगदी बरोबर. पैशांपेक्षा माणसं संपली. वाचनवेडी, १९९१ मध्ये सगळ्या अंकांची प्रतिकृती-आवृत्ती निघाली आहे. मिळाली तर सुरुवात पाचव्या आणि सातव्यापासून करा.