अनुभव धागा: सँडविचच्या साखळी दुकानांचं हे काय होत चाललंय? तुम्ही काय पाहिलंत?

धागा काढणारी (रत्नागिरी)

लेकीच्या वाढदिवसाला आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलेलो, तिला त्या मोठ्या साखळीतलं सँडविचच हवं होतं. मी स्वतः पुण्यात शिकत असताना महिन्यातून एकदा पैसे साठवून तिथे जायचे, ताजा पाव, भट्टीचा वास, समोर उभं राहून हे घाल ते घाल सांगायचं, त्याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं. आता पाव कोरडा, आणि उघडून बघितला तर भाज्या सगळ्या दिसणाऱ्या कडेला मांडलेल्या, मधे नुसता सॉस. तिघांचे साडेआठशे रुपये झाले. लेक काही बोलली नाही, अर्धं ठेवलंन तिने, आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण मी तिला वर्षभर त्या चवीचं वर्णन करून सांगत होते.

म्हणून हा धागा. ज्यांनी अशा दुकानात काम केलंय, चालवलंय, पाव पुरवलाय, किंवा नुसतं खाल्लंय, सगळ्यांनी लिहा. ऐकीव नको, स्वतः बघितलेलं लिहा.

देवरुखचा

मी 2021 ते 2023 वाशीला एका साखळीच्या काउंटरवर होतो, आता गावी परत आलोय. पाव तिथे मळत नाहीत, पिठाचे गोठवलेले लांबट गोळे येतात, ते रात्री बाहेर काढून नरम करायचे, मग उबेच्या कपाटात फुगवायचे आणि भाजायचे. मी लागलो तेव्हा दिवसातून तीन वेळा भाजायचो, चार माणसं असायची शिफ्टला. वर्षभरात दोनच राहिली. मग भाजणं सकाळी एकदाच. म्हणजे संध्याकाळी सातला येणाऱ्याला सकाळी नऊचा पाव, तो टोस्टरमधून काढला की दोन मिनिटं बरा लागतो आणि मग चिवट होतो. ताई तुम्हाला मिळाला तो हाच.

भाज्यांचा तक्ता भिंतीला असतो आतल्या बाजूने, टोमॅटोच्या चकत्या इतक्या, ऑलिव्ह इतके. तो तक्ता माझ्या डोळ्यादेखत दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा आकडे खालीच गेले. 2023 च्या पावसाळ्यात टोमॅटो महागले तेव्हा तर सरळ 'टोमॅटो उपलब्ध नाही'ची पाटी. त्याच वर्षी सबवे ह्या अमेरिकन साखळीने भारतात सँडविचवरची फुकटची चीज स्लाइस बंद करून तिचे 30 रुपये लावले आणि फुकटात चीजचा सॉस द्यायला सुरुवात केली, हे तर पेपरात पण आलेलं, म्हणजे एकट्या आमच्याच मालकाचं असं नव्हतं.

मला सगळ्यात जड जायचं ते म्हणजे गिऱ्हाईक समोर उभं असतं. माझ्या आजीएवढी बाई म्हणाली बाळा अजून जरा काकडी घाल रे, आणि मला म्हणायचं होतं एक्स्ट्रा लागतील. आमच्या घरी पाहुण्याच्या पानात कमी वाढायची कुणाची हिंमत नाही. आणि त्यात अ‍ॅपवरच्या ऑर्डरचं मशीन सारखं वाजत असतं, त्या पण आम्ही दोघांनीच करायच्या, रांगेतला माणूस ताटकळत राहतो आणि चिडतो आमच्यावर.

महाडची, एकटी प्रवास करणारी

मला थोडं वेगळं लिहायचंय. नोकरीसाठी माझा हायवेवर कायम प्रवास असतो आणि साखळी दुकान दिसलं की मला बरं वाटतं, कारण तिथे स्वच्छ बाथरूम असतं, दिवे असतात, एकटी बाई तासभर बसली तरी कुणी वळून बघत नाही. सँडविच बेचव झालंय हे शंभर टक्के मान्य, पण ही दुकानं गेली तर माझ्यासारखीने रात्री आठला कुठे थांबायचं हे पण बघा.

चिपळूणकर (आम्ही फ्रँचायझी घेतलेली)

खूप दिवस लिहायचं टाळत होते. 2019 ला आम्ही मुंबईच्या एका साखळीची फ्रँचायझी घेतली, म्हणजे नाव त्यांचं आणि दुकान आम्ही चालवायचं, ह्यांचे रिटायरमेंटचे पैसे आणि माझे दागिने. कंपनीचं नाव लिहीत नाही.

करार असा की पाव, सॉस, पॅटी, चटणी, अगदी कागदी पिशवी सुद्धा कंपनीकडूनच घ्यायची. गाडी आठवड्यातून दोनदा, गोठवलेला माल. आता आपला हायवे तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की गाडी अडकलीच, माल उतरेपर्यंत अर्धा नरम झालेला, तो परत गोठवला की पावाचा भुगा होतो. आमच्या दुकानापासून दोन मिनिटांवर बेकरी, पहाटे पाचला ताजा ब्रेड काढणारी. तो घ्यायला बंदी. मी एकदा घेतला, गाडी आलीच नव्हती म्हणून, तर कंपनीचा माणूस नेमका तपासणीला आला आणि आम्हाला लेखी नोटीस.

दुसरं म्हणजे रॉयल्टी, कंपनीला तिच्या नावापोटी द्यायचा टक्का. ती नफ्यावर नसते, विक्रीवर असते. हे सही करताना कळत नाही नीट. कंपनीने परस्पर एकावर एक फ्रीची ऑफर काढली की गल्ला वाढतो, कंपनीचा टक्का वाढतो आणि माल मात्र दुप्पट आमचा जातो. शिवाय रेस्टॉरंटला 5 टक्के जीएसटी आहे पण 2017 च्या नोव्हेंबरपासून त्यात क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भाड्यावर आणि रॉयल्टीवर जो 18 टक्के कर आम्ही भरायचो तो परत वळता होत नाही, खिशातूनच जातो. मग मालक कुठे वाचवणार? भाड्यात वाचत नाही, लाइटबिलात वाचत नाही, पावाच्या आतच वाचवायचं उरतं. देवरुखच्या दादाने लिहिलंय ते खरंय, आणि मी तो तक्ता लावणाऱ्या बाजूला होते. मी पण चकत्या कमी केल्या. केल्या आणि रात्री झोप लागायची नाही.

22 जुलै 2021 चा पूर. डीप फ्रीझर आडवा होऊन तरंगत दाराशी आला होता. चिखल काढायला शेजारचा बेकरीवाला आला, ज्याचा पाव मी घेऊ शकत नव्हते तोच. त्याच्या स्वतःच्या भट्टीत कंबरभर पाणी शिरून गेलेलं होतं तरी. आम्ही परत उघडलं, दीड वर्ष रेटलं, 2023 च्या मार्चला शटर ओढलं. बाकी काय लिहू.

धागा काढणारी

ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कुणी फ्रँचायझी घ्यायच्या विचारात असेल तर सही करण्याआधी वरचं दोनदा वाचा.

मूळ गुहागर, सध्या न्यू जर्सी

चिपळूणच्या ताईंनी लिहिलंय ते जसंच्या तसं इथेही घडलंय. सबवे 1965 साली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला एका 17 वर्षांच्या मुलाने ओळखीच्या अणुशास्त्रज्ञाकडून हजार डॉलर घेऊन सुरू केलं. 2015 च्या सुमारास अमेरिकेत त्यांची 27 हजारांच्या आसपास दुकानं होती, मॅकडोनाल्डपेक्षा कितीतरी जास्त, आता 20 हजारांच्या खाली आलीत. माझ्या घराजवळची दोन माझ्यासमोर बंद झाली. 2008 ला त्यांनी पाच डॉलरला फूटभर सँडविच देशभर लावलं, कल्पना मायामीतल्या एका दुकानदाराची होती, तुफान चाललं. पण पुढे महागाई वाढत गेली आणि लोकांच्या डोक्यात पाचचा आकडा पक्का बसलेला. इथे दुकानदार विक्रीच्या 8 टक्के रॉयल्टी देतो आणि वर 4.5 टक्के जाहिरातीचे, स्वस्त विकलं तरी तेवढेच टक्के. 2024 ला संस्थापकांच्या घराण्यांनी कंपनी एका गुंतवणूक फंडाला विकली. क्विझ्नोज ही दुसरी साखळी तर आणखी वाईट, एकेकाळी पाच हजारांच्या घरात दुकानं आणि 2014 ला दिवाळखोरीचा अर्ज.

पण सँडविच संपलं असं नाही हं. आमच्याच राज्यातलं जर्सी माइक्स, 1956 पासूनचं, समुद्रकाठच्या एका छोट्या गावातलं, ते वाढत वाढत तीन हजार दुकानांपर्यंत गेलं. तिथे चीज तुमच्या समोर यंत्रावर कापून घालतात, महाग आहे पण पोट भरतं. मात्र त्यांचाही 2024 मध्ये मोठ्या गुंतवणूक कंपनीशी विक्रीचा सौदा झाला, त्यामुळे पुढच्या पाच वर्षांत चीजची जाडी किती राहते ते मी लक्ष ठेवून बघणारे.

सावंतवाडी, बेकरीवाला

आमची तिसरी पिढी पावात. 2013 ला ऑस्ट्रेलियातल्या एका पोराने सबवेचा फूटभर पाव पट्टी लावून मोजला, 11 इंच भरला, त्याचा फोटो जगभर फिरला आणि पुढे अमेरिकेत केस पण झाली. माझं मत त्या बाबतीत कंपनीच्या बाजूने आहे. गोळा वजनाने सारखा असला तरी भट्टीत कधी लांबीला जातो कधी रुंदीला, पाव इंचावर मोजायची वस्तूच नाही, वजनावर मोजा.

पण दुसरं एक आहे. 2020 ला आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टाने सबवेच्या पावाला कायद्याने ब्रेड मानायला नकार दिला, कारण तिथे पिठाच्या वजनाच्या 2 टक्क्यांवर साखर गेली की करमाफी नाही, आणि ह्या पावात 10 टक्के होती. 10 टक्के म्हणजे दहा किलो मैद्याला एक किलो साखर! आम्ही कडक पावाला यीस्ट जागं होण्यापुरती चिमूट टाकतो. साखरेने पाव मऊ राहतो, रंग येतो, दोन दिवस टिकल्यासारखा वाटतो, म्हणून घालतात. आमची आजी पाव हातात घेऊन पहिलं विचारायची, "आजचो हा मां?" चिपळूणच्या ताईंच्या शेजारच्या बेकरीवाल्याला माझा नमस्कार कळवा.

अलिबागची

माझ्या बाबांची समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर सँडविचची गाडी, 24 वर्षं झाली. बटाटा, बीट, काकडी, कांदा, टोमॅटो, हिरवी चटणी, वर मसाला. गेल्या दिवाळीत एकजण फ्रँचायझीचे कागद घेऊन आला, गाडी काढा, दुकान घ्या, आमचा बोर्ड लावा म्हणाला. मला खरं तर हवं होतं ते, उन्हातून बाबा सुटतील म्हणून, दोन दिवस मी त्यांच्या मागे लागले होते. बाबांनी कागद वाचले नाहीत, त्या माणसाला एवढंच विचारलंन की पुदिना कधी निवडायचा? तो म्हणाला काका चटणी आमची पाऊचमधून येते, काही निवडायचं नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्याला एक टोस्ट करून दिलंन, पैसे घेतले नाहीत, कागद परत.

हे सगळं वाचून दाखवलं त्यांना आत्ता. रत्नागिरीच्या ताईंना सांग म्हणाले, लेकीला घेऊन या, साडेचारनंतर गाडी लागते, सोमवारी बंद.