विलंबाला ‘आव्हान’ की विलंबाविरुद्ध ‘दाद’?

बातमीचा मथळा वाचला: ‘पॅरोल अर्जावरील विलंबाला कैद्याचे उच्च न्यायालयात आव्हान’. विलंबाला आव्हान कसं देणार? मला खटकलं. शिवाय आत एकदा पॅरोल, एकदा फर्लो, एकदा ‘संचित रजा’. हे सगळं एकच का?

— एकच नाही. महाराष्ट्राच्या कारागृह खात्यात फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. दोन्ही शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी. खटला चालू असलेल्याला मिळतो तो जामीन, तिथे रजा हा शब्द नको. संचित रजेला खास कारण द्यावं लागत नाही. ठरावीक काळ तुरुंगात काढला की अर्ज करता येतो, म्हणून ‘संचित’. अभिवचन रजेला मात्र आजारपण, मृत्यू, लग्न असं कारण लागतं. १९५९च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांत फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जात, पॅरोलचे नाही. पॅरोल मूळ फ्रेंच, अर्थ ‘शब्द’, दिलेला शब्द. ‘अभिवचन’ त्याला चपखल बसतं, पण बोलताना ते कुणी वापरत नाही. वकीलसुद्धा पॅरोलच म्हणतात.

— ‘रजा’ अरबीतून आली, मूळ अर्थ संमती. ‘राजी’ त्याच कुळातला. फर्लो हा कैद्याचा निरपवाद हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये म्हटलं. तरी अर्जावर वेळेत निर्णय मागणं ही निराळी गोष्ट आहे.

— तिथेच मथळ्याचं उत्तर आहे. आव्हान आदेशाला देतात. अर्ज नामंजूर झाला तर ‘नामंजुरीला आव्हान’ बरोबर. पण अर्जासाठी लागणारा पोलिसांचा अहवालच आला नाही, अर्ज टेबलावर पडून आहे, तर आदेशच नाही. मग संविधानाच्या अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून ‘निर्णय घ्या’ असा परमादेश मागायचा. मराठीत हेच ‘दाद मागणे’.

— विलंब की दिरंगाई?

— विलंब नुसता उशीर. दिरंगाईत दोष आला. अहवाल उशिरा आला हा विलंब. स्मरणपत्रं जाऊनही कुणी हललं नाही, तर दिरंगाई. याचिकाकर्ता दिरंगाई लिहील, सरकारी वकील ‘प्रशासकीय विलंब’. बहिणीच्या लग्नासाठी अर्ज आणि निर्णय लग्नानंतर, असं झालं की याचिका ‘निष्फळ’ ठरते. हा शब्द मला फार सौम्य वाटतो.

— अजून एक. न्यायालय ‘अर्ज अमुक मुदतीत निकाली काढा’ म्हणतं आणि बातमी येते ‘पॅरोल मंजूर’. निकाली काढणे म्हणजे निर्णय देणे, तो नकारही असू शकतो. ‘रजेच्या अर्जावर मुदतीत निर्णय घेण्याचे आदेश’ हा मथळा लांब आहे, पण खरा आहे.