कॅन्सल चेकवर सही मागतायत, द्यावी का?

सांगलीची_लेक
भावाच्या गृहकर्जाला बाबा सहअर्जदार आहेत. वय ७२, सगळे व्यवहार अजून चेकनेच. उद्या एजंट घरी येतोय. बाबांचे दोन कॅन्सल चेक हवेत, तेही सहीसकट. बाबा म्हणतात, कॅन्सल लिहिलंय ना, मग काय होतंय? मला धाकधूक वाटतेय.

निवृत्त_क्लिअरिंग
ताई, सही मुळीच देऊ नका. कॅन्सल चेक लागतो तो खाते क्रमांक आणि आयएफएससी बघायला, त्याला सही लागत नाही. हप्ता कापायची सही वेगळ्या मँडेट फॉर्मवर असते.

फसवणूक कशी होते बघा. 'कॅन्सल्ड' लिहायला एजंट स्वतःचं पेन पुढे करतो, सही मात्र बाबांच्या पेनाने. एजंटच्या पेनाची शाई उष्णतेने उडणारी. घरी जाऊन इस्त्री फिरवली की हातात सही केलेला कोरा चेक! म्हणून पेन आपलंच, साधं बॉलपेन. दोन रेघा चेकभर मारा, सहीच्या जागेवरूनही.

माझी उभी नोकरी क्लिअरिंगमध्ये गेली. पूर्वी चेकचा कागद आपल्या शाखेत यायचा, खरवडलेली जागा बोटाला लागायची. आता सीटीएसमध्ये, म्हणजे चेकचा फोटो पाठवून क्लिअरिंग करायच्या पद्धतीत, कागद भरणा घेणाऱ्या बँकेतच राहतो, आपल्या बँकेला दिसते ती त्याची प्रतिमा. म्हणून तर तारखेखेरीज कसलीही दुरुस्ती चालत नाही. नाव चुकलं तर चेक फाडा, नवा लिहा.

आणि ₹५०,००० पासून पुढच्या चेकला पॉझिटिव्ह पे कराच. २०२१ पासून सोय आहे. चेक नंबर, तारीख, नाव, रक्कम आधी बँकेला कळवायची. बाबांना ॲप जमत नसेल तर शाखेत विचारा.

कृष्णाकाठ
एजंट कर्जाच्या हमीसाठी 'सिक्युरिटी चेक' हवा म्हणाला तर? आमच्याकडे तसे घेतले होते.

निवृत्त_क्लिअरिंग
मग कर्ज देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव, अकाउंट पेयी क्रॉसिंग आणि चेक नंबर लिहिलेली पोचपावती. कोरा चेक नाही.

सांगलीची_लेक
एजंटला फोन केला. सही नसली तरी चालेल म्हणाला! काका, चेक हरवला तर काय करायचं?

निवृत्त_क्लिअरिंग
त्याच मिनिटाला स्टॉप पेमेंट, म्हणजे हा चेक वटवू नका असं बँकेला कळवायचं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर क्लिअर होत राहतात, पूर्वीसारखी उसंत मिळत नाही. खोट्या सहीवर पैसे गेलेच, तर शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या, पोलिसांतही जा. 'पासबुक वेळेवर का नाही पाहिलंत' एवढ्यावर बँकेला हात झटकता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा कॅनरा बँक खटल्यातला निकाल आहे, तक्रारीत त्याचा उल्लेख करा.