सिंथिया फॅरारबाईंबद्दल थोडं
जोतिराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा अहमदनगरची मुलींची शाळा पाहून मिळाली, असं तुम्ही लिहिलंत. ती अहमदनगरची शाळा ज्यांची, त्या सिंथिया फॅरारबाईंचं नावही यायला हवं. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या या शिक्षिका १८२७ साली मुंबईला आल्या. अविवाहित, एकट्या. आधी मुंबईत आणि १८३९ पासून नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मुलीने अक्षर गिरवणंही लोकांना खुपायचं, असा तो काळ! धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो लपवायचं कारण नाही. पण तीसपेक्षा जास्त वर्षं त्या इथे शिकवत राहिल्या, हे मला फार मोठं वाटतं. १८४८ ला पुण्यात फुल्यांची शाळा निघाली. बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.