रिजेक्ट जवळजवळ शून्य, तरी पूलला नवा ब्लॉक उशिरा कळतोय (सीकेपूल, डॉकर कंपोज)

गणिती_हातोडा विचारतात:

बिटकॉइनचा छोटा खासगी पूल (मायनरना काम वाटणारा सर्व्हर) डॉकर कंपोजवर (अनेक कंटेनर एका फाइलमधून चालवणारं साधन) उभा केला आहे. रचना अशी: एका कंटेनरमध्ये बिटकॉइन कोअर (प्रून केलेला, म्हणजे जुने ब्लॉक टाकून देणारा नोड), दुसऱ्यात सीकेपूल हे पूलचं सॉफ्टवेअर सोलो मोडमध्ये, शिवाय आकडे गोळा करणारं प्रोमिथियस आणि आलेख दाखवणारं ग्राफाना. लहान मायनर ८, सगळे पोर्ट ३३३३ वर जोडलेले. नोडच्या कॉन्फिगमध्ये 'ब्लॉकनोटिफाय'ला (नवा ब्लॉक आला की चालवायची आज्ञा) सीकेपूलसोबत येणारा 'नोटिफायर' दिला आहे आणि सीकेपूलच्या कॉन्फिगमध्ये 'नोटिफाय' ट्रू आहे.

अडचणी:

१. नोडच्या लॉगमध्ये नवा ब्लॉक दिसतो, पण मायनरला त्यावरचं काम ५ ते २८ सेकंद उशिरा मिळतं. रिजेक्ट (पूलने नाकारलेले शेअर, म्हणजे मायनरने पाठवलेले कामाचे पुरावे) मात्र ०.१ टक्काच. मग हा उशीर मनावर घ्यायचा का?

२. पूलचा कंटेनर रिस्टार्ट केला की कधीकधी 'जुनी प्रोसेस अजून चालू आहे' म्हणत बंद पडतो. पूर्ण काढून नव्याने बनवला की चालतो.

३. नोडचा कंटेनर अधूनमधून १३७ कोड देऊन मरतो. मेमरीची मर्यादा २ जीबी आहे.

४. डॅशबोर्डवर सगळे कंटेनर हिरवे. अलर्ट नेमके कशावर लावायचे? एकेका मायनरचा ५ मिनिटांचा हॅशरेट १५ टक्के वरखाली होतो, त्यामुळे त्यावर लावलेला अलर्ट सारखा वाजतो.

---

शेवटचा_नॉन्स:

पहिली अडचण सगळ्यात महागडी आहे आणि रिजेक्टच्या आकड्यात ती कधीच दिसणार नाही. शेअर शिळा आहे की नाही हे पूल ठरवतो, आणि इथे पूललाच नवा ब्लॉक माहीत नाही. त्यामुळे जुन्या ब्लॉकवरचे शेअर तो आनंदाने स्वीकारतो. मायनर खूश, पूल खूश, आणि त्या सेकंदांत ब्लॉक सापडलाच तर नेटवर्क तो घेणार नाही.

कारण कंटेनरची भिंत. ब्लॉकनोटिफायमधली आज्ञा नोडच्या कंटेनरमध्ये चालते. तिथे नोटिफायर नावाची फाइलच नसणार, आणि असली तरी तो ज्या युनिक्स सॉकेटशी बोलतो तो पूलच्या कंटेनरमधल्या टेम्प फोल्डरमध्ये आहे. नोडच्या लॉगमध्ये ३२५१२ हा आकडा शोधा. १२७ गुणिले २५६ म्हणजे ३२५१२, आणि १२७ म्हणजे शेलला आज्ञा सापडली नाही.

त्यात 'नोटिफाय' ट्रू असल्यामुळे घोळ वाढतो. ते ट्रू असलं की सीकेपूल 'निरोप येईल' असं गृहीत धरतो आणि स्वतःहून नोडला विचारणं बंद करतो. ते फॉल्स असेल तर तो 'ब्लॉकपोल'प्रमाणे, मुळात दर १०० मिलिसेकंदांनी, विचारत राहतो. तुमच्याकडे निरोपही नाही आणि विचारणाही नाही. मग उरतो फक्त 'अपडेट इंटरव्हल', म्हणजे ३० सेकंदांनी टेम्प्लेट (पुढच्या ब्लॉकचा कच्चा आराखडा) ताजं करणं. उशीर ० ते ३० मध्ये कुठेही, सरासरी १५. ब्लॉक सरासरी ६०० सेकंदांनी येतो, म्हणजे १५ भागिले ६००, अडीच टक्के काम थेट कचऱ्यात. तुमचे ५ ते २८ सेकंद यात चपखल बसतात.

उपाय म्हणजे झीरोएमक्यू (प्रोसेसमधले निरोप पोचवणारी लायब्ररी):

नोडला हॅशब्लॉक (नव्या ब्लॉकच्या हॅशचा निरोप) प्रकाशित करायला सांगा, पत्ता ०.०.०.०, पोर्ट २८३३२. १२७.०.०.१ लिहिलंत तर तो नोडच्या कंटेनरचा स्वतःचा लूपबॅक होतो आणि पूलला काही ऐकू येत नाही. सीकेपूलच्या 'झेडएमक्यूब्लॉक'मध्ये नोडच्या सर्व्हिसचं नाव आणि तेच पोर्ट द्या. पूल कंपाइल करताना झीरोएमक्यूचं डेव्हलपमेंट पॅकेज हवं. ते नसलं तरी बिल्ड यशस्वी होतो, फक्त ही सोय निघून जाते. दोन टप्प्यांची इमेज असेल तर चालवण्याच्या टप्प्यात रनटाइम लायब्ररीही टाका.

आणि 'नोटिफाय' फॉल्सच ठेवा. झीरोएमक्यूमध्ये पोच नसते. ऐकणारा त्या क्षणी जोडलेला नसेल तर निरोप हरवतो आणि कोणीही तक्रार करत नाही. १०० मिलिसेकंदांची विचारणा नोडला जाणवतही नाही, तेव्हा ती आधाराला राहू द्या.

---

कंटेनरकाका:

दोन आणि तीनबद्दल.

सीकेपूल आपला प्रोसेस क्रमांक टेम्पमधल्या सॉकेट फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. चालू होताना तो जुनी फाइल वाचतो आणि त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का बघतो. साध्या मशीनवर ही तपासणी शहाणपणाची. कंटेनरमध्ये मात्र मुख्य प्रोसेसचा क्रमांक दरवेळी १ असतो. नीट बंद न होता रिस्टार्ट झाला की फाइल तशीच राहते, तिच्यात १ लिहिलेलं असतं, आणि क्रमांक १ जिवंत असतोच, तो स्वतःच! 'इनिट' ट्रू करूनही सुटका नाही, कारण क्रमांक बदलला तरी बहुधा दरवेळी तोच मिळतो. टेम्प फोल्डर टीएमपीएफएसवर (मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टीम) ठेवा. कंटेनर थांबला की ते रिकामं होतं, विषय मिटला. लॉगचं फोल्डर मात्र वेगळ्या व्हॉल्यूमवर हवं, मॉनिटरिंग त्यावरच चालणार आहे.

१३७ म्हणजे सिगकिल (प्रोसेस जबरदस्तीने मारणारा सिग्नल), आणि तो दोन वाटांनी येतो. डॉकर इन्स्पेक्टमध्ये 'ओओएमकिल्ड' ट्रू आहे का बघा. ट्रू असेल तर मेमरी. डीबीकॅश (नोडच्या डेटाबेसची कॅश) बऱ्याच आवृत्त्यांत मुळात ४५० एमबी, मेमपूल (ब्लॉकमध्ये न गेलेले व्यवहार) ३००, वर पीअर (जोडलेले इतर नोड), आरपीसीचे (नोडला आज्ञा देण्याची सोय) थ्रेड आणि लेव्हलडीबी या डेटाबेसचं स्वतःचं. २ जीबीत हे मावतं. पण पहिल्या सिंकसाठी डीबीकॅश ४००० केला असेल आणि नंतर खाली आणायचा राहिला असेल तर नाही मावणार. सिंक होईपर्यंत मर्यादा ८ जीबी, नंतर डीबीकॅश मूळ आकड्यावर आणि मर्यादा ३ जीबी, हे हिशोबाला बरं पडतं.

ओओएमकिल्ड फॉल्स असेल तर तुम्हीच मारताय. डॉकर थांबवताना सिगटर्म ('नीट बंद हो' असा सिग्नल) पाठवतो आणि १० सेकंदांनी सिगकिल. नोडला कॅश डिस्कवर उतरवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. 'स्टॉप ग्रेस पिरियड' १० मिनिटं करा. एन्ट्रीपॉइंट शेलच्या रूपात लिहिला असेल तर क्रमांक १ शेल असतो आणि सिगटर्म नोडपर्यंत पोचतच नाही; मग १० मिनिटं दिली तरी शेवटी सिगकिलच. स्क्रिप्टमधल्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' लावा.

हेल्थचेकही बदला. पोर्ट उघडं आहे एवढ्यावर 'हेल्दी' म्हणू नका, थेट टेम्प्लेट मागा. उत्तरात त्रुटीचा कोड उणे २८ म्हणजे नोड अजून उठतोय, उणे १० म्हणजे सिंक बाकी, उणे ९ म्हणजे एकही पीअर नाही. टेम्प्लेट मिळालं तरच हेल्दी, आणि पूलचं 'डिपेंड्स ऑन' त्या स्थितीवर बांधा. एक लक्षात असू द्या: साधा डॉकर 'अनहेल्दी' कंटेनरला आपणहून रिस्टार्ट करत नाही. रिस्टार्ट पॉलिसी फक्त प्रोसेस संपल्यावर जागी होते. शिवाय रेगटेस्टवर (आपल्याच मशीनवरची खासगी चाचणी-साखळी) उणे ९ आणि उणे १० येतच नाहीत, चाचणीच्या साखळीवर नोड ही तपासणी सोडून देतो. तेव्हा तिथे हेल्थचेक पास झाला म्हणून निश्चिंत होऊ नका.

माझ्या मते दोन्ही कंटेनर होस्ट नेटवर्कवर (थेट मशीनच्या नेटवर्कवर) टाकले तर नावं, लूपबॅक, नॅट सगळीच कटकट जाते.

---

शेवटचा_नॉन्स:

होस्ट नेटवर्कला माझा विरोध. ८ मायनरसाठी नॅटचा (पत्ते बदलून पुढे पाठवण्याचा) खर्च मोजण्याइतकाही नाही, आणि ०.०.०.० पत्ता तसाच राहिला तर बदल्यात आरपीसी ८३३२ व झीरोएमक्यू २८३३२ मशीनच्या सगळ्या इंटरफेसवर उघडे पडतात. नोडच्या झीरोएमक्यूला तर पासवर्डच नसतो. ब्रिजवर (कंपोजच्या वेगळ्या नेटवर्कवर) राहा. ही दोन पोर्टं प्रकाशितच करू नका, कंटेनर एकमेकांना तशीही सापडतात. ३३३३ प्रकाशित करताना पुढे लॅनचा आयपी लिहा. यूएफडब्ल्यू (लिनक्सवरची फायरवॉल) ते अडवेल या भरवशावर राहू नका. डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये घालतो आणि प्रकाशित पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडं राहतं.

---

आलेखवाली:

अलर्टबद्दल. कंटेनर हिरवा आहे यावरून पूलचं काहीच कळत नाही, वर दिसलंच.

आधी हॅशरेट. तो मोजलेला नसतो, शेअरवरून काढलेला अंदाज असतो. आलेल्या शेअरची संख्या 'न' धरली तर चूक साधारण १ भागिले 'न'चं वर्गमूळ. दर ५ सेकंदांना एक शेअर धरला तर ५ मिनिटांत ६०, चूक १३ टक्के. तुमचा १५ टक्क्यांचा झोका म्हणजे निव्वळ नशीब, मायनर ठणठणीत आहे. तासाभरात ७२० शेअर, चूक पावणेचार टक्के. एकेका मायनरचा अलर्ट १ तासाच्या आकड्यावर लावा, नेहमीच्या ८५ टक्क्यांखाली गेला तर. मायनर पूर्ण बंद पडला हे पकडायला हॅशरेट नको, शेवटचा शेअर कधी आला ते बघा: ३ मिनिटं शांतता म्हणजे वाजवा.

आकडे सीकेपूलच्या लॉग फोल्डरमधल्या 'पूल डॉट स्टेटस' फाइलमध्ये मिळतात, मायनरचे 'युजर्स' फोल्डरमध्ये. पूल डॉट स्टेटस ही एक सलग जेसन नाही, ओळीगणिक वेगळी जेसन आहे; पूर्ण फाइल एकदम पार्स केलीत तर स्क्रिप्ट कोसळते. हॅशरेटमागे के, एम, जी, टी अशी अक्षरं असतात, ती आधी आकड्यात बदला. स्क्रिप्टने निकाल नोड एक्स्पोर्टरच्या (प्रोमिथियसला मशीनचे आकडे देणारा प्रोग्राम, बिटकॉइनचा नोड नव्हे) टेक्स्टफाइल कलेक्टरसाठी लिहायचा, पण आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलायचं. नाहीतर एक्स्पोर्टर अर्धवट फाइल वाचतो आणि आलेखात खड्डे पडतात.

त्याच स्टेटस फाइलमधला 'लास्टअपडेट' किती जुना आहे यावर अलर्ट हवाच. पूल गोठला तरी फाइल जागेवर असते आणि आलेख सरळ रेषेत सुंदर दिसत राहतो.

'बराच वेळ ब्लॉक आला नाही' हा अलर्ट बरेच जण ६० मिनिटांवर लावतात. दोन ब्लॉकमध्ये तासाहून जास्त अंतर पडण्याची शक्यता ई चा उणे सहावा घात, म्हणजे ०.२५ टक्के. दिवसाला १४४ ब्लॉक धरले तर दर तीनेक दिवसांनी खोटा अलर्ट. ९० मिनिटांवर नेलात तर साधारण दोन महिन्यांतून एकदा. सोबत पीअरची संख्या ४ खाली गेली तर वेगळा अलर्ट.

आता मुख्य. नोड ते मायनर हा उशीर थेट मोजा. एक छोटी स्क्रिप्ट पूलला मायनर म्हणून जोडा: सबस्क्राइब, ऑथराइज, आणि मग नुसतं ऐकायचं. सोलो मोडमध्ये युजरनेम म्हणून वैध पत्ता लागतो. 'मायनिंग डॉट नोटिफाय'मधला (पूल मायनरला नवं काम देतो तो निरोप) दुसरा घटक आधीच्या ब्लॉकचा हॅश असतो, नववा म्हणजे जुनं काम टाकून द्या अशी खूण. तीच स्क्रिप्ट दर २०० मिलिसेकंदांनी नोडला सर्वोत्तम ब्लॉकचा हॅश विचारते. दोन्हीकडे हॅश बदलला त्या वेळांतला फरक म्हणजे तुमचा मेट्रिक. हॅश सरळ जुळणार नाहीत. नोडच्या हॅशचे आठ-आठ हेक्स अंकांचे गट करा आणि गटांचा क्रम उलटा लावा, मग जुळतात. फरक १ सेकंदाच्या वर सलग तीन ब्लॉक राहिला तर अलर्ट. जोडणी तुटली तर स्क्रिप्टने पुन्हा जोडून घ्यायला हवं.

---

गणिती_हातोडा:

३२५१२ सापडला, प्रत्येक ब्लॉकला एकदा. झीरोएमक्यू लावलं, नोटिफाय फॉल्स, टेम्प टीएमपीएफएसवर. ओओएमकिल्ड फॉल्स होता, म्हणजे १० सेकंदांचाच प्रकार. हे करताना आरपीसीचा साधा पासवर्ड काढून 'आरपीसीऑथ' (पासवर्डऐवजी त्याचा हॅश असलेली ओळ) कंपोजच्या कमांडमध्ये टाकला, तर पूलला आता ४०१ (ओळख पटली नाही) मिळतोय. पासवर्ड तीनदा तपासला, बरोबर आहे.

---

कंटेनरकाका:

आरपीसीऑथच्या ओळीत सॉल्ट आणि हॅश यांच्यामध्ये डॉलरचं चिन्ह असतं. कंपोज त्याला व्हेरिएबलची सुरुवात समजून पुढचा भाग खाऊन टाकतो. तिथे डॉलर दोनदा लिहा, किंवा ती ओळ कंपोजमधून काढून नोडच्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा, तिथे एकच पुरतो. पुढे कधी ४०३ (प्रवेश नाकारला) आला तर 'आरपीसी अलाउ आयपी'मध्ये कंपोज नेटवर्कचा सबनेट नाही असं समजा. तो सबनेट कंपोजमध्ये स्वतः ठरवून द्या, नाहीतर नेटवर्क नव्याने बनलं की बदलू शकतो.

---

आलेखवाली:

खरा ब्लॉक येईपर्यंत वाट बघायची गरज नाही. हेच कंपोज वेगळ्या नावाने रेगटेस्टवर उचला, ऐकणारी स्क्रिप्ट जोडा आणि नोडला आज्ञा देऊन एकेक ब्लॉक बनवा, अंदाजे वीस. आज्ञेच्या क्षणापासून मोजलेला उशीर ० ते १०० मिलिसेकंदांत विखुरलेला दिसला तर बहुधा फक्त विचारणा चालू आहे आणि झीरोएमक्यू अजून मुकं आहे. मग पूलच्या इमेजमध्ये रनटाइम लायब्ररी आहे का ते आधी बघा. आणि दोन्ही कंटेनरच्या लॉगला आकाराची मर्यादा घाला. डॉकरच्या मूळ जेसन लॉगला ती नसते, आणि डिस्क भरली की नोड स्वतःहून बंद होतो.