लिंकनची वकिली: रेल्वेचा खटला आणि फी

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन म्हणजे गरिबांचे खटले फुकट चालवणारा खेडवळ वकील, असं चित्र रंगवलं जातं. ते अपुरं आहे. १८३६ मध्ये वकिलीची सनद, पुढे स्टुअर्ट, लोगन आणि १८४४ पासून हर्नडन या वकिलांशी भागीदारी. काम बरंचसं कर्जवसुलीचं.

त्याच्या वकिलीचा खरा नमुना इलिनॉय राज्यातल्या इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या खटल्याचा. राज्यानं १८५१ मध्ये दिलेल्या कंपनी-स्थापनेच्या सनदेनुसार ही कंपनी उत्पन्नातला ठरावीक हिस्सा राज्याला देणार आणि त्या बदल्यात तिला करमाफी. तरीही मॅक्लीन काउंटीनं (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) स्वतंत्र कर लावला. लिंकननं १८५३ मध्ये आधी शेजारच्या शॅम्पेन काउंटीला, म्हणजे कर लावू पाहणाऱ्या बाजूला, आपण काम घेऊ शकतो असं कळवलं होतं. शेवटी वकीलपत्र घेतलं ते रेल्वेचं. मुद्दा एकच होता: काउंटीच्या कराच्या अधिकारातूनही विधिमंडळ अशी माफी देऊ शकतं का? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा युक्तिवाद झाला आणि १८५६ मध्ये निकाल रेल्वेच्या बाजूनं लागला.

फी मात्र मिळेना. मग १८५७ मध्ये त्यानं स्वतःच्याच अशिलावर ५,००० डॉलरचा दावा लावून तो जिंकला, निम्मी रक्कम हर्नडनला दिली आणि नंतरही त्याच रेल्वेची कामं घेतली. व्यवसायाचा हा पक्का हिशेब माहीत असल्याशिवाय त्याचं राजकारण नीट कळत नाही, असं माझं मत आहे.